अर्धी गोळी

सुरत म्हटले की मराठी माणसाला आधी लूट आठवते. १६६४ ची पहिली आणि १६७० ची दुसरी. मलाही तीच आठवायची. बी.ए.ला इतिहास घेतलेला माणूस मी. पुढे पणजीतल्या एका सरकारी खात्यात आवक-जावकच्या वह्या सांभाळत बसलो, हा भाग वेगळा. पण २०१९ पासून सुरत म्हटले की मला एक मांजर आठवते. तिचे नाव चिंगी. ती माझ्या हातून मेली.

हे वाक्य लिहायला मला काही वर्षे लागली, म्हणून पहिल्यांदा तेच लिहून टाकले. आता बैजवार सांगतो.

माझी थोरली बहीण सुरतेत उधन्याला असते. भाऊजी मूळचे जळगाव जिल्ह्यातले, कापड रंगवायच्या मिलमध्ये नोकरीला. गोव्याची मुलगी खानदेशी घरात, आणि तीही गुजरातेत कशी जाऊन पडली ही एक स्वतंत्र कथा आहे, ती पुन्हा केव्हातरी. ज्यांनी सुरत पाहिलेली नाही त्यांना एवढेच सांगतो की उधना-लिंबायत भागात हिंडताना आपण गुजरातेत आहोत हे विसरायला होते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटामागे आलेली हजारो घरे तिथे आहेत. अहिराणी कानावर पडते, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, आणि संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरातून वांगी भाजल्याचा वास येतो.

चिंगी त्या घरात आली ती उंदरांमुळे. सुरतकरांचे उंदरांशी असलेले नाते आपल्यासारखे नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये तिथे प्लेगची साथ आली तेव्हा लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाली. भाऊजी तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले, तेही गावी पळाले होते. पुढे १९९५ मध्ये एस. आर. राव नावाचे आयुक्त आले आणि त्यांनी ते शहर घासून पुसून लखलखीत केले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण भाऊजी अजूनही घरात उंदीर दिसला की तोंडाला फडके बांधून खोली फिनेलने धुऊन काढतात. अशा घरात एक मांजरीचे पिल्लू आपण होऊन दाराशी येऊन बसले, तर त्याचे स्वागत व्हायचेच. ताईने तिला चिंगी म्हटले, शेजारच्या गुजराती बेन बिलाडी म्हणायच्या, आणि ती दोन्ही नावांना ओ देत नसे.

२०१९ च्या दिवाळीत मी मडगावहून गाडीने सुरतेला गेलो. पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी चिंगी काही खाईना. कोपऱ्यात अंग आखडून बसली होती. ताईने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "रे, हिला ताप आहे का बघ रे."

मग आपल्याकडे जे होते ते झाले. म्हणजे सल्ले सुरू झाले. कुणी म्हणाले, नाक कोरडे असेल तर ताप, ओले असेल तर नाही. (हे खरे नाही. निरोगी जनावराचे नाकही झोपून उठल्यावर कोरडे असते.) कुणी हळदीचे दूध सांगितले. कुणी म्हणाले, उंदराचे काहीतरी बाधले असेल, गवत खाऊन ओकून टाकील, सोडून द्या. सणाचे दिवस, डॉक्टर कुठे शोधणार, आणि मांजरासाठी रिक्षा करून जायचे हे घरात कुणाच्या मनातही आले नाही. मी कारकून माणूस, हिशेबाला पक्का. कपाटात पॅरासिटामॉलच्या पाचशेच्या गोळ्या होत्या. मोठ्या माणसाला एक, तर मांजराला अर्धी, असा त्रैराशिक मांडून मी गोळीचा तुकडा केला, तुपात घोळवला आणि तिचा जबडा धरून घशात सारला. ताई म्हणाली, "बरं झालं तू होतास."

ते तिचे वाक्य मला अजून ऐकू येते.

त्यानंतर मी भाच्याला घेऊन कतारगामचे जुने इंग्रज कबरस्तान बघायला गेलो. तिथे जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांची भलीमोठी दुमजली, घुमटाची कबर आहे. हा जॉर्ज ऑक्झेंडन म्हणजे १६६४ मध्ये महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख. १६६९ मध्ये तो तिथेच वारला. भाच्याला लुटीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस वाटला. मी त्याला सांगत होतो की या शहरात इंग्रज प्रवाशांना सगळ्यात नवल कशाचे वाटले असेल, तर जनावरांच्या इस्पितळाचे!

ही हकीगत खरोखर वाचण्याजोगी आहे. १६८९ मध्ये सुरतेला आलेल्या ओव्हिंग्टन या पाद्र्याने त्या इस्पितळाबद्दल लिहिले आहे, आणि पुढे जेम्स फोर्ब्जने १८१३ च्या आपल्या ग्रंथात ते सविस्तर वर्णिले आहे. उंच भिंतींनी वेढलेली मोठी जागा, आत वेगवेगळे चौक, वाण्यांच्या पैशावर चालणारी. जनावराचा धनी कुठल्या जातीचा, कुठल्या देशाचा हे कुणी विचारत नसे. पाय मोडलेले, आजारी, म्हातारे जनावर आणले की घेतले. घोडे, खेचरे, बैल, मेंढ्या, बकऱ्या, माकडे, पक्षी आणि एक म्हातारे कासव, जे म्हणे पंच्याहत्तर वर्षे तिथे होते. बरे झालेले जनावर धन्याला परत मिळत नसे. त्याने तिथेच राहायचे आणि आपल्यापेक्षा दुबळ्या सोबत्यांसाठी पाणी ओढायचे. मला ही शेवटची व्यवस्था फार आवडली. आपल्या सरकारी पेन्शनीपेक्षा बरी.

पण फोर्ब्ज आणखी एक गोष्ट सांगतो. तिथे उंदीर, पिसवा आणि ढेकूण यांच्यासाठीही एक दालन होते, आणि त्यांना रक्त मिळावे म्हणून रस्त्यावरचे भिकारी पैसे देऊन रात्रभर तिथे निजवले जात. त्यांनी हलायचे नाही, मारायचे नाही. भाचा खो खो हसला. मीही हसलो. तेव्हा मला त्यात एवढाच विनोद दिसला.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा चिंगीचे तोंड सुजले होते. पंजेही फुगले होते, लाळ गळत होती आणि ती तोंड उघडे टाकून श्वास घेत होती. मांजर सहसा तोंडाने धापा टाकत नाही. टाकत असेल तर प्रकरण गंभीर आहे असे समजावे, हे मला आता ठाऊक आहे. आता रिक्षा मिळाली. आता डॉक्टरही मिळाले, सण असूनही. सकाळी शोधले असते तर सकाळीही मिळाले असते.

डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी असायला हव्यात, त्या चॉकलेटी झाल्या होत्या. त्यांनी विचारले, "क्या दिया इसको?" मी सांगितले. त्यांनी मान खाली घातली आणि काम करू लागले. ओरडले असते तर बरे वाटले असते.

नंतर त्यांनी जे समजावले ते असे. ही गोळी माणसाच्या यकृतात गेली की तिला एक विशिष्ट आम्ल चिकटवून शरीर ती बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात हे चिकटवण्याचे साधनच जवळजवळ नाही. मग औषधाचे विष होते, ते यकृत जाळते आणि रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याचा गुण मारून टाकते. रक्त तपकिरी होते ते त्यामुळे. मांजर जिवंत असते, श्वास घेत असते, आणि आतल्या आत गुदमरत असते. तीन-चार किलोच्या मांजराला पाचशेची अर्धी गोळी पुष्कळ झाली. त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, तो पहिल्या काही तासांत मिळाला तर मांजर वाचू शकते. आम्ही ते तास कबरस्तानात घालवले होते.

चिंगी दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

आता कुणी म्हणेल, एका मांजराचे एवढे काय? माझ्या कार्यालयात हे मी एकदा सांगितले तेव्हा एक सहकारी म्हणालाही तसे. पण मला सलते ते मांजराचे मरण एवढेच नाही. मी दुष्टपणे काही केले असते तर गोष्ट सरळ होती. मी ते मायेने केले, तुपात घोळवून केले. आपली सारी संस्कृती आपल्याला माया करायला शिकवते. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. नाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारला. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री बसलेली. एवढी शिदोरी असलेल्या माणसाला कुत्र्या-मांजराच्या पोटात काय जाते, काय नाही, हे शिकावे असे कधी वाटतच नाही. प्रेम आहे ना, मग झाले! (आणि तुपाचे म्हणाल, तर आजचा कुठलाही पशुवैद्य सांगेल की फार तुपकट खाल्ल्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. नामदेवांना दोष नाही. त्यांचा कुत्रा पांडुरंग होता, त्याला पचले.)

एका वेदनाशामक औषधाने केवढे काय होऊ शकते याचे आपल्याच देशातले मोठे उदाहरण म्हणजे गिधाडे. डायक्लोफिनॅक हे दुखणे कमी करणारे औषध गाईगुरांना सर्रास दिले जाऊ लागले. देणाऱ्याच्या मनात गुराचे दुखणे थांबावे हेच असणार. त्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आकाश ओस पडले. कारण उमगले २००४ मध्ये, जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली २००६ मध्ये. तोवर भारतातली बहुतेक गिधाडे संपली होती. जी मढी गिधाडे संपवत ती भटक्या कुत्र्यांना मिळू लागली, कुत्री वाढली असे जाणकार सांगतात. आणि कुत्री म्हटली की पुढचा शब्द आपल्याला ठाऊक आहे.

आमच्या फोंड्याकडच्या वाड्यावर आम्ही लहान असताना 'पिशें सुणें' असा आरडाओरडा झाला की आया मुलांना ओढून आत घेत आणि दारे लागत. शेजारच्या एका मुलाला चावा बसला होता. त्याला बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यावी लागली, आणि तो रोज परत आला की आम्ही मुले त्याचे पोट बघायला जमायचो. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस होती. २००४ च्या अखेरीस आपल्या देशात तिचे उत्पादन थांबले. आता दंडात मोजकी इंजेक्शने असतात. पण मनातले भय त्या चौदांचेच राहिले आहे, त्यामुळे माणसे अजून डॉक्टरकडे जायला कचरतात आणि जखमेला चुना लावतात, मिरची चोळतात, कॉफीची पूड भरतात. यातले काही करू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी, हा पहिला उपाय. मग त्याच दिवशी लस. जखम खोल असेल तर त्याबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन. घरचाच कुत्रा आहे, मांजरीने नुसते ओरबाडले आहे, म्हणून चालढकल करू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मग हातात जवळजवळ काही उरत नाही.

या बाबतीत गोव्याने जे केले ते आपण गोंयकार पुरेशा अभिमानाने सांगत नाही. कार्निव्हलचे सांगतो, नुस्त्याचे सांगतो, याचे नाही. २०१३ मध्ये मिशन रेबीजची मोहीम इथे आली आणि पुढच्या वर्षापासून सरकारच्या मदतीने ती नियमित सुरू झाली. पिवळ्या टी-शर्टातली मुले मोठाली जाळी घेऊन वाड्यावाड्यांत फिरताना तुम्हीही पाहिली असतील. कुत्रा जाळ्यात पकडायचा, टोचायचा, अंगावर रंगाची खूण करायची, मोबाईलवर नोंद करायची आणि तिथेच सोडायचा. नोंद! कारकुनाच्या काळजाला थंडावा देणारी गोष्ट. दहातल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाला पुढे सरकायला वाट उरत नाही, एवढेच त्यामागचे गणित. जोडीला शाळांतून मुलांना शिकवणे आणि पिसाळल्याचा संशय आलेल्या प्रत्येक कुत्र्याचा छडा लावणे. कुत्र्यांमधला रोग ९२ टक्क्यांनी खाली आला, हे २०२२ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये छापून आले आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर केले. तोवर सलग तीन वर्षे इथे रेबीजने एकही माणूस गेला नव्हता. कुत्री न मारता आणि माणसे न मरता.

मला इथे ते ढेकणांचे दालन आठवते. फोर्ब्ज ऐकीव सांगत असेल, तिखटमीठ लावत असेल, तरी त्यातला प्रश्न खरा आहे. ढेकणांवर दया शेठजींची, पुण्य शेठजींचे, आणि रक्त मात्र भिकाऱ्याचे! ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात जे झाले, आधी सगळी उचला, मग दहा-अकरा दिवसांत निर्बीजीकरण आणि लस देऊन बहुतेकांना परत सोडा, त्यावर देशभर दोन तट पडले. माझ्या कार्यालयातही पडले. एक बाजू म्हणे मारा, दुसरी म्हणे हात लावू नका. मी दोघांनाही एकच विचारले की तुमच्या वाड्यावरच्या किती कुत्र्यांना यंदा लस टोचली आहे. दोघांनाही ठाऊक नव्हते. रस्त्यावरच्या कुत्र्याला गाडीची काच खाली करून बिस्किट टाकणारा चावा खात नाही. चावा खातो पहाटे सायकलवरून येणारा पोदेर, रात्रपाळीहून पायी परतणारा मजूर आणि अंगणात खेळणारे पोर. १८३२ मध्ये मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी मंडळींनी दंगा केला, आणि त्यानंतर दोनच वर्षांत सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शेठ यांच्या घराण्याने तिथे पांजरपोळ उभा केला. त्यांनी निदान खिशात हात घातला. लस देण्याचा शोध तेव्हा लागायचा होता. पाश्चरने पहिल्या मुलाला टोचले ते १८८५ मध्ये. आपल्याला ती सबब नाही.

चिंगीनंतर मला एक खोड लागली आहे. कुत्र्या-मांजरांबद्दल कुणी काही विचारताना ऐकले की मी कान टवकारतो. प्रश्न तेच तेच असतात. मांजराला दूध चालते का? पिल्लाला चालते, आईचे. मोठ्या मांजराला बहुधा ते पचत नाही, हगवण लागते. आपण लहानपणापासून चित्रात मांजर आणि दुधाची बशी बघत आलो, म्हणून ती जोडी पक्की झाली. ताईच्या शेजारच्या बेन चिंगीला रोज दूध-रोटली घालायच्या. अतिशय सज्जन बाई, मुंगीलाही साखर घालणाऱ्या. पण मांजर हा मांसाहारी जीव आहे. टॉरिन नावाचा एक घटक तिला मांसमच्छीतूनच मिळतो. तो न मिळाल्यास डोळे जातात आणि हृदयाचा स्नायू ढिला पडतो. हृदयाचे हे कारण १९८७ मध्ये लक्षात आले. आपला अहिंसाधर्म आपण पाळावा, मांजराकडून पाळून घेऊ नये. अर्थात बेनना नावे ठेवायचा मला काय अधिकार? आमच्या घरी सोमवारी आणि श्रावणभर मांजरही शिवराक असायचे! बिचारे माजर पाटावरच्या वरणभाताकडे बघून आम्हा सगळ्यांकडे पाठ फिरवून बसायचे.

दुसरा नेहमीचा प्रश्न गोचिडींचा. पावसाळा उघडला की गोव्यात कुत्र्यांच्या कानांत त्यांचे गुच्छ लोंबतात. माणसे रॉकेल लावतात, फिनेल लावतात, खरूज झाली तर गॅरेजमधले जळके तेल फासतात. कुत्रा अंग चाटतो आणि ते सगळे पोटात जाते. गोचीड रक्त पिते एवढ्यावर थांबत नाही, ती तापाचे जंतू सोडून जाते; कुत्रा खायचा थांबतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येते. वेळेत रक्त तपासले तर औषध आहे. आणि एक गोष्ट लिहून भिंतीला लावावी अशी: कुत्र्याच्या मानेवर टाकायचे गोचिडीचे औषध मांजराला कधी लावू नये. त्यातल्या पुष्कळांत परमेथ्रिन असते, आणि मांजराला ते झटके आणून मारते. कारण तेच, यकृत.

आणि नसबंदी. "नको रे बाबा, पाप लागेल," असे मला सांगणारे एक गृहस्थ आहेत, देवभोळे, सज्जन. त्यांच्या मांजरीला वर्षातून दोनदा पिल्ले होतात. ती पिल्ले पोत्यात भरून ते मासळी बाजाराच्या मागे सोडून येतात. तिथे नुस्त्याच्या टाकाऊवर ती जगतील, असा त्यांचा समज. मी एकदा त्यांना विचारले, यात पाप कुणाला लागते? ते म्हणाले, "तिथे सोडेपर्यंत आपण, पुढे देव." एक तरी वीत होऊ द्यावी, मग शस्त्रक्रिया करावी, असेही पुष्कळ जण सांगतात. त्याला काही आधार नाही. उलट पहिल्या माजापूर्वी केली तर पुढे स्तनांच्या गाठी होण्याचे भय फार कमी होते.

मला वाटते, आपल्याकडे अडते ते पैशांवर नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्या-तालुक्याला आहेत. अडते ते लाजेवर. मांजर कापडी पिशवीत घालून बसमध्ये चढायची लाज. गाय घेऊन गेलेला शेतकरी शहाणा दिसतो, मांजर घेऊन गेलेला चाळीशीचा कारकून वेडा दिसतो. त्या दिवशी उधन्याला आम्हाला रिक्षा सकाळी परवडत नव्हती असे नाही. शेजारी काय म्हणतील हे परवडत नव्हते.

ताईने त्यानंतर चार वर्षे मांजर पाळले नाही. मला कधी बोलली नाही, पण मी सुरतेला गेलो की औषधांचे कपाट बंद असायचे. मग २०२३ च्या पावसाळ्यात एक पिल्लू पुन्हा आपण होऊन आले, काळे-पांढरे. तिने मला लगेच सांगितले नाही. महिन्याभराने फोन आला.

"रे, हिला जंताचं औषध किती द्यायचं असतं?"

"वजन किती आहे तिचं?"

"ते कुठं बघितलंय."

"मग मी कसं सांगू ताई? डॉक्टरांकडे काटा असतो."

पलीकडे थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मागून भाऊजींचा आवाज आला, "रिक्षा बोलावू का?"